पाणी मागे फिरते तेव्हा



नळ सोडला की तोटीतून पाणी बाहेर पडते, हे आपण रोज पाहतो. पण तेच पाणी कधी तोटीतून आत शिरते का? प्रश्न चमत्कारिक वाटेल. तरी त्याचे उत्तर 'होय' असे आहे.

जुहूच्या एखाद्या इमारतीचे अंगण डोळ्यांपुढे आणा. अंगणात महापालिकेच्या वाहिनीवरून थेट आलेला एक नळ आहे. त्याला रबरी नळी जोडली आहे. नळीचे दुसरे टोक साबणाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत बुडाले आहे. गाडी धुणारा माणूस नळ तसाच उघडा ठेवून चहा प्यायला गेला आहे. इतक्यात पाण्याची वेळ संपते. रस्त्याखालच्या वाहिनीतला दाब उतरतो आणि बादलीत पडणारी धार थांबते. क्षणभर काहीच होत नाही. मग बादलीतले गढूळ पाणी नळीत चढू लागते, नळात शिरते आणि रस्त्याखालच्या वाहिनीकडे चालू लागते. माणूस परत येतो तेव्हा बादली जवळजवळ रिकामी असते. त्याला वाटते, कुणीतरी ती लवंडली. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येते तेव्हा ते साबणाचे पाणी शेजारच्या कुणाच्या तरी हंड्यात पडते. बादलीत साबणाऐवजी झाडांवर फवारायचे कीटकनाशक असते तर काय झाले असते, याची कल्पना तुम्हीच करा.

पाण्याच्या या मागे फिरण्याला 'उलटा प्रवाह' म्हणतात. अभियंते त्याला 'बॅकफ्लो' म्हणतात.

पाणी असे का वागते? पाण्याला घर कुठले आणि रस्ता कुठला हे कळत नाही. ते फक्त दाब ओळखते. जिकडे दाब जास्त तिकडून, जिकडे दाब कमी तिकडे ते जाते. महापालिकेच्या वाहिनीत दाब जास्त असतो तोपर्यंत पाणी आपल्या घरात येते. तो दाब घरातल्या दाबापेक्षा कमी झाला आणि मध्ये अडवणारे काही नसले, तर तेच पाणी आल्या वाटेने परत जाते.

हे वर्गात करून पाहता येईल. काचेचे किंवा प्लॅस्टिकचे दोन पेले आणि हातभर लांबीची पारदर्शक नळी घ्या. एक पेला पाण्याने भरून स्टुलावर ठेवा. दुसऱ्यात थोडे पाणी घेऊन त्यात निळ्या शाईचे चार थेंब टाका आणि तो जमिनीवर ठेवा. नळी पाण्याने पूर्ण भरा, दोन्ही टोके बोटांनी दाबून धरा आणि एकेक टोक एकेका पेल्यात बुडवून बोटे सोडा. स्टुलावरचे स्वच्छ पाणी खालच्या पेल्यात येऊ लागेल. आता निळ्या पाण्याचा पेला उचलून स्टुलावरच्या पेल्यापेक्षा उंच धरा. नळी तीच, पेले तेच. पण आता निळे पाणी स्वच्छ पाण्याकडे धावेल. मग एक गोष्ट आणखी करा. निळ्या पेल्यातले नळीचे टोक पाण्याच्या वर उचला. नळीत हवा शिरेल आणि निळे पाणी जागच्या जागी थांबेल. हा शेवटचा भाग नीट लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून पाणी मिळते. विहार तलाव १८६० सालचा आहे. मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मिळू लागले. बहुतेक पाणी भांडुपला शुद्ध होते. तेथे ते गाळतात, त्यात क्लोरीन मिसळतात. मग ते मोठमोठ्या वाहिन्यांतून उपनगरांत जाते. अंधेरी पूर्वेला वेरावली येथे टेकडीवर जलाशय आहेत. आसपासच्या पश्चिम उपनगरांत पाणी तेथून उतरते. म्हणजे तलावापासून आपल्या गल्लीपर्यंत पाण्याची चांगली राखण होते. मात्र शहराच्या बहुतेक भागांत पाणी चोवीस तास येत नाही. ते ठरलेल्या वेळी काही तास येते. एरवी वाहिनी अर्धी रिकामी पडून असते. आणि रिकामी वाहिनी तहानलेल्या माणसासारखी असते. मिळेल ते ओढून घेते. तिला चीर असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर गटाराचे पाणीही ती घेते.

कधी कधी दाब अचानकही उतरतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ मेट्रोचे काम चालू असताना वेरावली जलाशयाला पाणी नेणारी १८०० मिलीमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. अठराशे मिलीमीटर म्हणजे उंच माणूस सरळ उभा राहू शकेल एवढी वाहिनी! अंधेरी, जोगेश्वरी, विलेपार्ले या भागांत लोकांचे पाण्यावाचून फार हाल झाले. वर्तमानपत्रांत टँकरच्या आणि रांगांच्या बातम्या आल्या. ते बरोबरच होते. पण अशा वेळी आणखी एक विचार मनात यायला हवा: या क्षणी किती बादल्यांत, किती हौदांत नळ्यांची तोंडे बुडालेली असतील?

दाब कमी करणारी दुसरी गोष्ट माणसे स्वतःच करतात. पाणी कमी येते म्हणून काही जण नळाला थेट मोटार लावतात. ही मोटार वाहिनीतले पाणी खेचून घेते. तिच्या ओढीने शेजाऱ्यांचे नळ कोरडे पडतात आणि आसपासची घाण वाहिनीत खेचली जाण्याचा धोका वाढतो. म्हणूनच अशी मोटार लावायला बंदी आहे आणि महापालिका ती जप्त करते. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडू द्यावे आणि मग त्या टाकीतून पंपाने गच्चीवर चढवावे, ही रीतसर पद्धत होय.

गच्चीवरच्या टाकीचीही एक गंमत आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भरतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्यावर याहून जास्त दाब पडतो. अनेकदा तळमजल्यावर दोन नळ असतात. एक महापालिकेचा थेट नळ आणि दुसरा गच्चीच्या टाकीवरून आलेला. कुणीतरी विचार करते की दोन्ही जोडून टाकू, म्हणजे एकाच तोटीला दिवसभर पाणी! कारागीर जोडूनही देतो. त्या दिवसापासून, रस्त्यावरच्या वाहिनीतला दाब उतरला की गच्चीवरचे पाणी जिन्यावरून उतरावे तसे थेट वाहिनीत उतरू लागते. त्या टाकीत कबुतर मरून पडले असेल तर त्याची खबर सगळ्या गल्लीला लागते. मला विचाराल तर बादलीतल्या नळीपेक्षा ही जोडणी जास्त घातक आहे. नळी दिसते, ही जोडणी भिंतीत दडलेली असते.

जुहूत याला आणखी एक पदर आहे. येथली जमीन सखल आणि वाळूची. थोडे खणले की पाणी लागते. पूर्वीपासून येथे विहिरी आहेत आणि अलीकडे पुष्कळ इमारतींनी कूपनलिका, म्हणजे बोअरवेल घेतल्या आहेत. हे पाणी संडासात, बागेत आणि गाड्या धुवायला वापरतात. समुद्राजवळ जमिनीतले गोडे पाणी फार उपसले की खाली समुद्राचे पाणी त्याची जागा घ्यायला पुढे सरकते आणि विहीर मचूळ होते. हाही एक प्रकारचा उलटा प्रवाहच झाला. सांगायचे ते असे की, अशा इमारतीत नळांची दोन जाळी असतात, एक पिण्याच्या पाण्याचे आणि एक वापरायच्या पाण्याचे. ही दोन जाळी कोठेही एकमेकांना जोडता कामा नयेत. मध्ये बंद केलेली चावी आहे, ही सबब चालत नाही. चावी आज बंद असते; उद्या कोणी उघडील.

आता तुम्ही विचाराल की, एवढ्याने खरोखर कुणी आजारी पडते का? १९३३ साली अमेरिकेत शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. देशोदेशीचे पाहुणे तेथील हॉटेलांत उतरले. काही दिवसांनी ते आपापल्या गावी परतले आणि त्यांना आमांशाने गाठले. शोध घेता घेता सगळे धागे दोन हॉटेलांकडे गेले. तेथील नळ जुने आणि सदोष होते. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. १४०९ जणांना लागण झाली आणि ९८ जण मरण पावले. हॉटेले चांगली प्रतिष्ठित होती. पाहुण्यांसमोर पाण्याचे पेले स्वच्छ पुसून ठेवले जात असतील, यात मला शंका नाही.

आपल्या देशातली गोष्ट याहून मोठी आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा पूर ओसरला आणि नदीचे पात्र सरकले. नजफगढ नाल्याचे घाण पाणी खाली वाहून जाण्याऐवजी उलट वर चढले आणि वझीराबाद येथे जेथून शहरासाठी पाणी उचलत, तेथपर्यंत पोहोचले. पाण्यात क्लोरीन घातलेले होते. त्याने पुष्कळ जंतू मेले, पण काविळीचे विषाणू टिकले. १९५६ च्या जानेवारीपर्यंत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. येथे नळी नव्हती, बादली नव्हती. एक नाला मागे फिरला, एवढेच.

पाण्याला अडवायचे कसे? सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय तुम्ही पेल्यांच्या प्रयोगात पाहिलाच आहे. नळीचे तोंड पाण्याच्या वर ठेवायचे. तोटी आणि पाणी यांच्यामध्ये मोकळी हवा असली, तर दाब कितीही उतरो, वाहिनी फक्त हवा ओढते. हवेच्या या मोकळ्या जागेला फिरणारा भाग नाही, ती गंजत नाही, तिला तेल लागत नाही आणि तिला पैसाही पडत नाही. साधारण नियम असा आहे की, तोटीच्या तोंडाचा जेवढा व्यास, त्याच्या निदान दुप्पट अंतर खालच्या भांड्याच्या काठापासून वर असावे आणि ते २५ मिलीमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे एका इंचापेक्षा कमी नसावे. पाण्याच्या पातळीपासून नव्हे, काठापासून मोजायचे. कारण टाकी कधी ना कधी काठोकाठ भरतेच.

मशिदीत वजूसाठी हौज असतो. तुम्ही ज्याला हौज म्हणता, त्यालाच मराठीत हौद म्हणतात. पुढच्या वेळी वजू करताना हौज भरणाऱ्या नळाकडे पाहा. त्याचे तोंड काठाच्या वर आहे की पाण्यात बुडाले आहे? पाणी पडण्याचा आवाज होऊ नये म्हणून काही ठिकाणी नळाला लांब पाइप जोडून तो थेट तळाशी सोडतात. आवाज थांबतो, पण त्याबरोबर पाण्याची राखणही थांबते. संडासातल्या जेट स्प्रेचेही तसेच. तो वापरून झाल्यावर आकड्याला अडकवून ठेवावा. बादलीत किंवा भांड्यात लोंबकळत ठेवू नये. घरोघरी हे होते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही.

जेथे हवेची जागा ठेवता येत नाही, तेथे झडप बसवतात. ही झडप पाण्याला पुढे जाऊ देते आणि पाणी मागे फिरताच मिटते. बाजारात तिला 'नॉन रिटर्न व्हॉल्व्ह' म्हणतात. आपण तिला एकमार्गी झडप म्हणू. ही कल्पना नवी नाही. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपल्या यंत्रांच्या ग्रंथात झडपांचा मोठ्या कौशल्याने उपयोग केला आहे. इ. स. १२०६ मध्ये अल-जझरी याने यंत्रविद्येवर अरबी भाषेत ग्रंथ पुरा केला. त्यातल्या एका पंपाला दोन नळकांडी आहेत आणि वर चढलेले पाणी पुन्हा खाली येऊ नये म्हणून झडपा आहेत. त्याहून जुनी झडप तर तुमच्या छातीत आहे. हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे ढकलले गेले की त्या मिटतात. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तो 'लब-डब' आवाज या झडपा मिटण्याचाच असतो. पायांच्या शिरांतही लहान झडपा आहेत, म्हणून उभे राहिल्यावर सगळे रक्त पायांत साचत नाही.

जुहूतही एक अशीच मोठी झडप आहे. इर्ला नाला पावसाचे पाणी समुद्राकडे नेतो. पण मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडाहून वर जाते आणि समुद्रच नाल्यातून वस्तीत येऊ पाहतो. म्हणून महापालिकेने तेथे पर्जन्यजल उपसा केंद्र बांधले आहे. भरती आली की दरवाजे बंद करून समुद्राला बाहेर ठेवायचे आणि आत साचलेले पावसाचे पाणी पंपांनी समुद्रात फेकायचे, असे तेथील काम आहे. आपल्या नळावरची बोटभर झडप आणि इर्ल्याचे ते प्रचंड दरवाजे यांची कामगिरी एकच.

पण झडपेत एक दोष आहे. हवेची जागा फसवत नाही. झडप फसवू शकते. तिच्यात गंजाचा कण अडकला, रबर झिजले किंवा स्प्रिंग ढिली पडली की ती पुरती मिटत नाही. आणि बिघडली तरी नळाला पाणी नेहमीसारखेच येत राहते. दिवा गेला तर अंधार होतो, पंखा बिघडला तर घाम येतो. झडप बिघडली तर काहीच कळत नाही. म्हणून ती वेळोवेळी तपासावी लागते. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ज्यांच्या इमारतीत अशी झडप आहे, त्या मालकांना दरवर्षी प्रमाणित तपासनिसाकडून तिची चाचणी करून घ्यावी लागते आणि तिचा अहवाल पाणीखात्याकडे पाठवावा लागतो. अहवाल आला नाही तर त्या इमारतीचे पाणी तोडता येते. हे कडक वाटेल. पण एका इमारतीची झडप साऱ्या वस्तीचे पाणी सांभाळत असते, हे ध्यानात घेतले की त्यातले शहाणपण पटते.

आपल्याकडे घरोघरी असा वार्षिक दाखला मागत नाहीत. तरी इमारतीच्या आतले नळ, टाक्या आणि झडपा यांची काळजी मालकानेच घ्यायची असते. सोसायटी असेल तर सोसायटीने, शाळा असेल तर संस्थेने, मशीद असेल तर ट्रस्टने. भारतीय मानक आयएस २०६५ हे इमारतींतल्या पाणीपुरवठ्याविषयीच आहे. पिण्याच्या पाण्याची वाहिनी इतर कोणत्याही पाण्याशी जोडली जाऊ नये, हे तत्त्व त्यात आहे. दाखला कोणी मागत नाही म्हणून तपासणी करायची नाही, हे काही बरोबर नव्हे.

तपासणी कशी करतात? झडपेची चाचणी परवानाधारक नळकारागिराकडून घ्यावी. तो रस्त्याकडची चावी बंद करतो आणि ती चावी व झडप यांच्यामधली लहान तोटी उघडतो. मधल्या नळातले थोडे पाणी पडून धार थांबली, तर झडप ठीक आहे. धार वाहतच राहिली, तर इमारतीतले पाणी झडप ओलांडून मागे येत आहे. अर्थात रस्त्याकडची चावी पक्की बंद होते ना, हे त्याने आधी पाहिलेले असते. दोन जाळी कोठे जोडली गेली आहेत का, हे पाहण्यासाठी बोअरच्या पाण्याच्या टाकीत खाण्याचा रंग मिसळतात आणि प्रत्येक घरातला स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहतात. एखाद्या नळातून रंगीत पाणी आले की भिंतीतली चोरवाट सापडली!

तिसरी चाचणी क्लोरीनची आहे. ती तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना करायला सांगा. ऑर्थोटोलिडीन नावाच्या द्रवाचे थेंब पाण्याच्या नमुन्यात टाकले आणि पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे मानक आहे. हा द्रव विषारी असतो, म्हणून विद्यार्थ्यांनी त्याला हात लावू नये आणि तपासलेले पाणी पिऊ नये. महापालिकेच्या थेट नळाचे पाणी पिवळे झाले आणि वरच्या मजल्यावरचे झाले नाही, तर मध्ये काहीतरी घडते आहे. मात्र लगेच कुणावर बोट ठेवू नका. पाणी टाकीत दोन दिवस पडून राहिले तरी क्लोरीन उडून जातो. टाकी मळली असेल तर आणखी लवकर जातो.

जुहूच्या सखल भागात सर्वांत जपायची ती जमिनीखालची टाकी. २६ जुलै २००५ रोजी जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पुरात मुंबईतल्या कितीतरी इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्यांत गटाराचे पाणी शिरले. नळाला उलटा प्रवाह लागायची वाटही पाहावी लागली नाही. पाणी झाकणावरूनच आत गेले. अशी टाकी असेल तर तिचे तोंड अंगणापेक्षा चांगले उंच बांधून घ्यावे आणि झाकण घट्ट, डाससुद्धा शिरणार नाही असे असावे. पुराचे पाणी आत गेल्याची नुसती शंका आली तरी आधी पंप बंद करावा, नाहीतर तेच पाणी गच्चीवर चढते. मग टाकी पूर्ण उपसावी, घासून धुवावी, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुन्हा धुवावी आणि ते पाणीही फेकून द्यावे. नंतर टाकी भरून क्लोरीनची चाचणी घ्यावी. तोपर्यंत प्यायचे पाणी उकळून घ्यावे; आणि उकळी आल्याबरोबर उतरवू नये, काही मिनिटे तसेच खळखळू द्यावे.